एस्सेलवर्ल्ड मिटलं, गड्डा उरला

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. करमणुकीच्या बागेवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण बघा, गिरणी बंद पडली की आपण तिचा इतिहास लिहितो. बँक बुडाली की चौकशी बसते. आणि ज्या जागी हजारो पोरांच्या पोटात आयुष्यात पहिल्यांदा गोळा आला, ती जागा मिटली तर? चार दिवस हळहळ, जुने फोटो, आणि विषय संपला. मला हे बरोबर वाटत नाही. माणूस कशासाठी कष्ट करतो हे जसं बघायचं, तसं कष्ट संपल्यावर तो कुठं जातो हेही बघायला हवं.

म्हणून आजचा प्रश्न साधा ठेवू. करमणुकीची जागा कशानं टिकते आणि कशानं मिटते? त्यासाठी आधी आपल्या राज्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ, मग समुद्रापलीकडचं एक, आणि शेवटी घरी येऊ.

भोवळीची हौस

आधी थोडी पायाभरणी. योहान हुइझिंगा नावाचा डच इतिहासकार होता. 'होमो लुडेन्स' हा त्याचा ग्रंथ १९३८ सालचा. खेळ ही संस्कृतीच्या कडेला पडलेली फावल्या वेळची गोष्ट नाही, संस्कृतीच खेळातून उगवते, असं त्याचं म्हणणं. पुढं १९५८ मध्ये रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंतानं खेळांचे चार प्रकार पाडले. एक स्पर्धेचा, दुसरा नशिबाचा, तिसरा सोंगाचा. कुस्ती, सोरट आणि बहुरूपी म्हणा. आणि चौथा प्रकार भोवळीचा. त्याला त्यानं 'इलिंक्स' हा ग्रीक शब्द वापरला. त्याचा अर्थ पाण्यातला भोवरा.

हा चौथा प्रकार मोठा गमतीचा आहे. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, हातात काही पडत नाही. आपण पैसे देऊन आपला तोल घालवून घेतो आणि दोन मिनिटांनी तो परत मिळाला म्हणून हसतो. आपल्याकडं फुगडी आहे, गरगर फिरून अंगणात पडणारी पोरं आहेत, झाडाला बांधलेला झोका आहे. भोवळ ही काही विलायती हौस नव्हे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६१५ मध्ये इस्तंबूलमध्ये होता. तिथल्या उत्सवात माणसांना वर-खाली फिरवणाऱ्या मोठ्या चाकात तो बसला, आणि त्यानं ते लिहून ठेवलंय. म्हणजे १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसनं आपलं २६४ फुटांचं चाक उभं केलं, तेव्हा कल्पना जुनीच होती. नवं होतं ते पोलाद आणि आकडे. ३६ डबे, एका डब्यात ६० माणसं. गुणाकार करा, एका वेळी २१६० माणसं हवेत!

इथं एक फरक घडला, तो लक्षात ठेवा. जत्रेतला पाळणा ज्याचा त्याचा होता. चार माणसांनी जोडायचा, हातानं फिरवायचा, जत्रा उठली की बैलगाडीत टाकायचा. पोलादी चाकाला मात्र भांडवल लागलं, पाया लागला, जमीन लागली. करमणुकीच्या बागेचा सगळा पुढचा इतिहास या 'जमीन लागली' मध्ये आहे.

गोराईची खाडी

आता एस्सेलवर्ल्ड. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला ते सुरू झालं. त्याआधी १९८४ मध्ये दिल्लीत 'अप्पू घर' निघालं होतं. १९८२ च्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह असलेल्या हत्तीच्या पिल्लाचं नाव त्याला दिलं होतं. पण मराठी मुलखातल्या पोरांच्या तोंडी नाव बसलं ते एस्सेलवर्ल्डचं.

हे एका कुटुंबाचं काम होतं. मूळ हरियाणातल्या हिसारकडचं, धान्याच्या व्यापारातलं हे घराणं. त्यातल्या सुभाष चंद्र यांनी सोव्हिएत संघाला तांदूळ निर्यात केला, टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूबचा कारखाना काढला, आणि ऐंशीच्या दशकात गोराईची जमीन घेतली. झी टीव्ही त्यानंतरचा, १९९२ चा. म्हणजे या घराण्यानं करमणुकीच्या धंद्यात पाऊल टाकलं ते पडद्यातून नव्हे, पाळण्यातून. त्याला 'छोटं' म्हणता येणार नाही हे मला कबूल आहे. सुमारे ६४ एकरांवर पसरलेलं, पुढं १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम जोडलेलं. पण घराण्याच्या निर्णयावर उभी राहिलेली आणि घराण्याच्या नशिबाशी बांधलेली बाग, या अर्थानं ते कौटुंबिकच.

तिथं जायचं कसं? बोरिवलीकडून किंवा मालाडच्या मार्व्याहून खाडी ओलांडून, बोटीनं. पाळण्यात बसण्याआधी पोरगं बोटीत बसायचं. खाडी ओलांडली म्हणजे आपण रोजच्या जगातून बाहेर आलो. हुइझिंगा नेमकं हेच म्हणतो, की खेळाला स्वतःची वेगळी आखलेली जागा लागते. इथं ती आखणी खुद्द खाडीनं करून दिली होती. पलीकडं झिपर डिपर, थंडर, ॲक्वा डाइव्ह, मॉन्स्टर्स इन द मिस्ट, बर्फावर घसरायची जागा. आणि टीव्हीवरची ती जाहिरात, घरी परत जायचं नाही असा हट्ट धरणाऱ्या पोरांची. गाण्यासकट ती जाहिरात आज चाळिशीत असलेल्या कुणालाही पाठ असेल.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. याच गोराईत ग्लोबल विपश्यना पॅगोडा उभा आहे. त्याची जमीन सुभाष चंद्र यांनीच दान दिलेली. २००९ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मधे एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली सुमारे आठ हजार साधक बसू शकतात. म्हणजे एकाच बोटीतून काही माणसं भोवळ घ्यायला निघालेली, आणि काही माणसं मन स्थिर करायला. उतरल्यावर वाटा वेगळ्या. आज एका वाटेवर माणसं चालतात, दुसरी ओस आहे.

एस्सेलवर्ल्ड मिटलं कसं? एका दिवसात नाही. आधी धंद्याचं गणित बघा. पार्कचा पैसा येतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, दिवाळीत, नाताळात. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसात माणूस फिरकत नाही. पण यंत्राला तेल-पाणी बाराही महिने लागतं, खारी हवा लोखंड बाराही महिने खाते, पगार बाराही महिने द्यावे लागतात. शिवाय भोवळीचा एक स्वभाव आहे: ती शिळी होते. कालचा पाळणा आज साधा वाटतो, म्हणून दर काही वर्षांनी नवं, महागडं यंत्र आणावं लागतं. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं, ते पुणे-मुंबई दोन्हीकडून जवळ आणि नवंकोरं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा करमणूक पार्कांवर २८ टक्के दर होता. म्हणजे पोराचा पाळणा आणि श्रीमंताची मोटार एकाच रांगेत! जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला. २०१९ पासून एस्सेल समूह कर्जाच्या ओझ्यानं वाकलेला होता हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. आणि मग मार्च २०२० ची टाळेबंदी. सगळ्या देशातले पाळणे एका दिवशी थांबले. शेजारचं वॉटर किंगडम पुन्हा सुरू झालं, पण एस्सेलवर्ल्ड पुढच्या दोन-तीन वर्षांत कायमचं मिटलं.

यातलं एकच कारण उचलून 'यामुळं बंद पडलं' असं सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून जरा जपून राहा. ओझी अनेक होती. पण या सगळ्यांच्या मुळाशी एक आहे, ते जमिनीचं. गोराई ही मुंबईच्या कुशीतली, खारफुटीची, कोळी आणि ईस्ट इंडियन गावकऱ्यांची जागा. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. ज्या जमिनीवर इतक्यांचा डोळा असतो, तिथं पाळण्याला रोज स्वतःची लायकी सिद्ध करावी लागते. अप्पू घरचं तर उघडच झालं. २००८ मध्ये ते बंद झालं आणि त्याच्या जागेत सर्वोच्च न्यायालयाचा विस्तार झाला. न्यायाला जागा हवीच, माझी तक्रार नाही. मी एवढंच दाखवतोय की पाळण्याच्या खालची जमीन पाळण्यापेक्षा महाग झाली की पाळण्याचे दिवस भरतात.

टिल्यू घराण्याची गोष्ट

हे फक्त आपल्याकडचं आहे का? नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर जॉर्ज टिल्यू नावाचा एक उद्योगी गृहस्थ होता. फेरिसचं चाक बघून त्याला ते विकतच घ्यायचं होतं, पण जमलं नाही. मग त्यानं साधारण अर्ध्या उंचीचं चाक बनवून घेतलं आणि पाटी लावली: जगातलं सगळ्यात मोठं चाक! आपल्या जत्रेतल्या कुठल्याही तंबूवाल्यानं त्याला भाऊ मानलं असतं. १८९७ मध्ये त्यानं 'स्टीपलचेस पार्क' काढलं. रुळांवरून उतारानं धावणारे यांत्रिक घोडे हे त्याचं मुख्य आकर्षण. १९०७ मध्ये आग लागून पार्क जळालं. दुसऱ्या दिवशी टिल्यूनं काय करावं? धुमसणारे अवशेष बघायला दहा सेंट तिकीट लावलं!

१९१४ मध्ये तो वारला. पुढं पन्नास वर्षं त्याच्या मुलांनी पार्क चालवलं. १९६४ च्या सप्टेंबरात हंगाम संपला आणि पार्क पुन्हा उघडलंच नाही. १९६५ मध्ये जागा विकली गेली ती फ्रेड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाला. होय, डोनाल्ड ट्रम्प यांचे वडील. काचेचा तो मोठा मंडप वारसा म्हणून जाहीर व्हायच्या आत पाडायचा होता, म्हणून १९६६ मध्ये त्यांनी समारंभ ठेवला आणि पाहुण्यांच्या हातात काचांवर मारायला विटा दिल्या. आणि विशेष म्हणजे ज्या इमारतींसाठी हे केलं, त्या झाल्याच नाहीत. शहरानं जमिनीचा वापर बदलू दिला नाही. कित्येक वर्षं जागा रिकामी राहिली. २००१ मध्ये तिथं बेसबॉलचं मैदान झालं. जुन्या पार्कमधला पॅराशूटचा उंच मनोरा तेवढा आजही उभा आहे. त्यावरून कुणी उडी मारत नाही, लोक लांबून बघतात.

मग फिरत राहणारे टिकतात का?

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग उत्तर सोपं आहे. जमीन घेऊ नका, फिरत राहा." इथं मला आपल्याच मुलखातलं एक घराणं आठवतं. कुरुंदवाडचे विष्णुपंत छत्रे. ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडं गाणं शिकलेला आणि घोड्यावर विलक्षण हुकमत असलेला हा माणूस. १८७९ मध्ये मुंबईत चियारिनी या इटालियन माणसाची सर्कस आली होती. हिंदुस्थानी माणसाला असं जमणार नाही असं काहीसं तो बोलला आणि विष्णुपंतांनी पैज घेतली, अशी हकीकत सांगतात. पैजेचं काहीही असो, २० मार्च १८८० ला कुरुंदवाडला त्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ झाला हे खरं. हीच भारतातली पहिली सर्कस मानतात. घरच्या माणसांची, आपल्या जनावरांची. पुढं भाऊबंदातले काशिनाथपंत ती चालवू लागले. केरळातल्या तेल्लिचेरीला कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी छत्र्यांची गाठ पडली, आणि त्यातून तिकडं सर्कशीच्या शिक्षणाची परंपरा सुरू झाली. अब्दुल करीम खाँसाहेबांनाही ज्यांच्या गाण्यानं भारून टाकलं ते रहिमत खाँ, हद्दू खाँचे चिरंजीव, विष्णुपंतांनीच सांभाळले. सर्कशीच्या मुक्कामात ख्याल! अशी करमणूक पुन्हा झाली नाही.

छत्र्यांची सर्कस पुढं कार्लेकरांच्या सर्कशीत मिसळली. पुण्याच्या शेलारांच्या सर्कशीत वाढलेले दामू धोत्रे अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोचले, पण इकडची घराणी एकेक करून संपली. १९९८ च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह यांचे खेळ बंद झाले, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी कायम केली. २०११ मध्ये सर्कशीत मुलांना राबवण्यावर न्यायालयानं बंदी घातली. दोन्ही निर्णय योग्यच होते. मुक्या जिवाच्या आणि लेकरांच्या हालांवर उभी असलेली करमणूक थांबायलाच हवी होती.

मुद्दा असा की सर्कस फिरती होती, तिला जमीन विकत घ्यावी लागत नव्हती. तरीही ती संपली. म्हणजे 'फिरत राहा' हे अर्धंच उत्तर झालं.

होम मैदान

आता घरी येऊ. आपल्या सोलापूरला या प्रश्नावर विचार करण्यासाठी दोन शब्द आठशे वर्षांपासून तयार आहेत: स्थावर आणि जंगम. बाराव्या शतकातल्या शरणांच्या विचारात या शब्दांना फार वजन आहे. आपले सिद्धरामेश्वर हे बांधणारे संत. त्यांनी तळं खोदलं, मंदिरं उभी केली. अल्लमप्रभू सोन्नलगीला आले आणि या दगड-मातीच्या कामावरून त्यांनी सिद्धरामांना टोचलं, अशी कथा शून्यसंपादनेत येते. बाहेर बांधतोस ते ठीक, आतलं काय? त्यानंतर सिद्धराम कल्याणला गेले. पण तळं उरलं. आजही आहे.

दर वर्षी संक्रांतीला नंदीध्वज शहरातून निघतात. ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम मैदानावर होमविधी, मग शोभेचं दारूकाम. आणि याच मैदानावर भरतो तो गड्डा. आकाशपाळणे, ब्रेक डान्स, मौत का कुआँ, हसवणारे आरसे, बंदुकीनं फुगे फोडायचे स्टॉल, भांडी, बांगड्या, खेळणी. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून गिरणगाव म्हणून वाढलेल्या या शहरात विडी वळणाऱ्या बाईला, मागावरच्या कामगाराला, आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्याला वर्षातून एकदा परवडणारी भोवळ इथं मिळाली. एस्सेलवर्ल्डला जायचं म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, चारशे-साडेचारशे किलोमीटर, आणि तिकिटाला जपून ठेवलेले पैसे. गड्ड्याला मात्र चालत जाता येतं.

गड्डा का टिकला याचा मी विचार केला तेव्हा मला तीन गोष्टी दिसल्या. पहिली, जागा पाळणेवाल्याची नाही. त्यामुळं ती विकून मोकळं होण्याचा प्रश्न त्याच्यापुढं येत नाही. दुसरी, तारीख मालकाच्या हातात नाही. पंचांगानं आणि यात्रेनं ठरवलेली आहे. गिऱ्हाईक जमवायला जाहिरात लागत नाही, यात्राच माणसं आणते. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: पाळणे अनेक घराण्यांचे असतात. एका घराण्याचं चाक थांबलं, पोरांनी दुसरा धंदा धरला, तर पुढच्या वर्षी त्या जागी दुसरं चाक उभं राहतं. एस्सेलवर्ल्डमध्ये घराणं, जमीन आणि करमणूक एकाच दोरीत ओवलेली होती. सर्कशीत घराणं आणि करमणूक. दोरी तुटली की सगळेच मणी सांडतात. गड्ड्यात मैदान स्थावर आहे, पाळणा जंगम आहे, आणि दोघांचा मालक एक नाही. करोनाच्या काळात विधी मोजक्या मानकऱ्यांत झाले, गड्डा भरला नाही. नंतर तो पुन्हा भरला, कारण परत येण्यासाठी त्याला फक्त मोकळी जमीन हवी होती.

म्हणजे जे टिकतं ते एकटं स्थावरही नाही आणि एकटं जंगमही नाही. सिद्धरामेश्वरांनी तळं बांधलं म्हणून काठावर यात्रा भरली, आणि यात्रा भरते म्हणून तळ्याची आठवण राहते.

आता यातली काळजीची गोष्ट. गड्डा टिकलाय तो मैदान मोकळं आहे तोवर. जो न्याय गोराईला लागला, दिल्लीला लागला, कोनी आयलंडला लागला, तो होम मैदानाला लागणार नाही असं कुणी समजू नये. शहर वाढलं की मैदान लोकांच्या नजरेत 'रिकामी जागा' होतं. त्यावर काहीतरी उपयोगी करू या, अशी भाषा सुरू होते. आपलं जुळे सोलापूर प्लॉट पाडत, सोसायट्या करत वाढलं. विकास आराखड्यात मैदान म्हणून राखलेली जागा नकाशावर हिरवी दिसते, पण ती हिरवी राहावी म्हणून कुणीतरी भांडावं लागतं. मैदानाचा उपयोग हाच की ते मोकळं आहे. वर्षात अकरा महिने पोरांनी तिथं क्रिकेट खेळावं आणि एक महिना आकाशपाळण्याखाली उभं राहून वर बघावं. याला रिकामं म्हणत नाहीत.

एस्सेलवर्ल्ड मिटल्याचं वाईट वाटलं, ते वाटायलाच हवं. पण हळहळ करून थांबायचं नसेल, तर आपल्या गल्लीजवळच्या मैदानाचं आरक्षण कशासाठी आहे हे महापालिकेत जाऊन एकदा विचारून या. एवढं काम मी आज तुम्हाला देतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: मग खासगी पार्क असूच नयेत का?

उत्तर: तसं मी म्हणालो नाही. असावेत. २०२२ मध्ये इमॅजिका संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं गेलं आणि चालू राहिलं, हेही उदाहरण आहे. म्हणजे मालक बदलूनही पाळणा फिरू शकतो. मी इतकंच म्हणतो की एखाद्या शहरातल्या पोरांचं सगळं खेळणं एकाच मालकाच्या ताळेबंदावर अवलंबून ठेवू नये.

प्रश्न: जत्रेतले पाळणे सुरक्षित असतात का? अपघात होतात, त्याचं काय?

उत्तर: चांगला प्रश्न. भोवळ म्हणजे खोटा धोका. तो खोटाच राहिला पाहिजे, नाहीतर खेळ संपला. दर वर्षी जोडला जाणारा पाळणा दर वर्षी तपासलाच पाहिजे. बोल्ट, वेल्डिंग, वीज, चालवणारा शुद्धीत आहे की नाही, सगळं. परवान्याचा कागद पाळण्याच्या खांबाला लोकांना वाचता येईल असा लावायला काय हरकत आहे? आणि पाळणेवाल्याकडून जागेचं इतकं भाडं उकळू नये की तो बोल्टवर पैसे वाचवायला लागेल. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

प्रश्न: आता मोबाइल आहे, घरातच सगळी करमणूक आहे. पुढच्या पिढीला पाळणा हवा असेल का?

उत्तर: मोबाइलवर स्पर्धा मिळते, नशीब मिळतं, सोंगं तर भरपूर मिळतात. कायवाच्या चारपैकी तीन खेळ त्यात बसले. भोवळ मात्र बसत नाही. तिला शरीर लागतं, उंची लागते, आणि शेजारी घाबरलेलं दुसरं माणूस लागतं, ज्याचा हात आपण घट्ट धरतो. त्यामुळं मी निश्चिंत आहे. येत्या संक्रांतीला नातवंडांना घेऊन जा आणि पाळणा वर गेला की त्यांच्याकडं बघा. मोबाइल कुणाच्या हातात असेल असं मला वाटत नाही.

वेळ झाली.